बोट लागते तेव्हा

भंडारा हा तलावांचा जिल्हा. वैनगंगेत डोंगा हाकणाऱ्यास पाण्याची भीती नसते; पण समुद्राच्या लाटांची गोष्ट निराळी. १९६६ साली स्थापन झालेल्या, गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एखाद्या मोहिमेवर येथील विद्यार्थी गेला व पहिल्याच दिवशी त्यास बोट लागली, तर शिक्षकांनी तो त्याचा दुबळेपणा समजू नये. चार्ल्स डार्विन यांनाही ‘बीगल’ जहाजावर १८३१ ते १८३६ या काळात हा त्रास वारंवार झाला.

घाटात एस. टी. लागते, त्यातलाच हा प्रकार. अंतर्कर्ण मेंदूस हेलकावे कळवितो, तर बंद खोलीत डोळ्यांना सर्व स्थिर दिसते. या विसंगतीतून मळमळ उद्भवते. सूक्ष्मदर्शकावर वाकून काम करणाऱ्यास ती अधिक छळते, हे ओघानेच आले. अशा वेळी जहाजाच्या मध्यभागी, जेथे हेलकावा कमी, मोकळ्या हवेत उभे राहून क्षितिजाकडे पाहावे. पोट अगदी रिकामे ठेवू नये. ओकाऱ्या होत असल्यास पाणी घोटघोट पीत राहावे.

गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, जहाज सुटण्यापूर्वीच घ्यावी. ओकारी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. अशा बहुतेक गोळ्यांनी झोप येते, आणि डेकवरून यंत्रे समुद्रात सोडताना डुलकी जिवावर बेतू शकते. म्हणून गोळी घेतल्याचे मोहीमप्रमुखांस आधीच सांगावे. बहुतेकांचे शरीर दोन-तीन दिवसांत सरावते.