मोटारीचें रबर आणि त्याची निगा

'भागीचें घोडें किवणानें मेलें' ही म्हण आपल्या पूर्वजांनीं अनुभवानेंच रचली असावी. एकत्र कुटुंबांतील मोटारीची गत पुष्कळदां अशीच होते. चालविणारे चार, बसणारे दहा. पण तिच्यावरून ओलें फडकें फिरविणें हें कोणाचेंच काम नसतें. एंजिनाची देखभाल कारागीर करतो, रंग डोळ्यांस दिसतो म्हणून त्याची काळजी घेतली जाते. परंतु दारांच्या व काचांच्या कडेनें बसविलेल्या रबराच्या पट्ट्या, ज्यांस गॅरेजांत 'बीडिंग' म्हणतात, त्यांच्याकडे पहिला पाऊस आंत येईपर्यंत कोणाचेंहि लक्ष जात नाहीं.

जळगांवजवळचें असोदा हें गांव बहिणाबाई चौधरी यांचें जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहे. खानदेशांतील इतर गांवांप्रमाणें येथेंहि वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, काळ्या मातीची धूळ फटीफटींत शिरते, आणि मग मृगाचा पाऊस येतो. ऊन रबरास कडक करतें, धूळ त्यास घासते आणि पाऊस त्याची परीक्षा घेतो. म्हणून या विषयाचा विचार आमच्याकडील मोटारवाल्यांनीं तरी अवश्य करावा.

रबर म्हणजे मुळांत झाडाचा चीक. तो थंडींत कडक व उष्णतेंत चिकट होतो. गंधकाबरोबर तापविल्यास हा दोष जातो, असें १८३९ सालीं चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थास आढळलें. हल्लीं दारांस लावतात तें रबर बहुधा ई.पी.डी.एम. नांवाचें, कृत्रिम रीतीनें बनविलेलें असतें. तें ऊनवारा अधिक सोसतें; तथापि वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें त्याचीहि लवचिकता कमी होते. तें काळें असतें तें केवळ शोभेसाठीं नव्हे. त्यांत मिसळलेली बारीक काजळी त्यास बळकटी देते व उन्हांतील अपायकारक किरण शोषून घेते. केळीच्या बागांतील ठिबकाच्या नळ्या काळ्या असतात, त्याचेंहि हेंच कारण.

आतां घरगुती उपायांविषयीं. पट्टी पांढुरकी दिसूं लागली कीं कोणी रॉकेल लावतो, कोणी पेट्रोलनें पुसतो, कोणी ग्रीस चोपडतो. दोन दिवस तकाकी येते, आणि तीच घात करते. खनिज तेलानें हें रबर फुगतें, मऊ पडतें व आपला आकार सोडतें. खोबरेल तेलावर धूळ बसून तिचा लगदा होतो, आणि काच वरखालीं होतांना तिच्यावर ओरखडे पडतात. ज्यावर औषध करावयाचें त्याची प्रकृति प्रथम ओळखावी, हा वैद्यकांतील नियम येथेंहि लागू आहे.

योग्य रीत सोपी आहे. मोटार सावलींत उभी करून गार होऊं द्यावी. दारें उघडून पट्ट्यांतील माती मऊ ब्रशानें काढावी. मग बादलीभर पाण्यांत मोटारीचा थोडा शाम्पू घालून फडक्यानें पुसावें, स्वच्छ पाण्यानें पुन्हां पुसून पूर्ण वाळूं द्यावें. नंतर रबरासाठीं मिळणारें सिलिकॉनचें द्रव्य फडक्यावर घेऊन पातळसा हात फिरवावा, व जास्त झालेलें टिपून घ्यावें. तें समोरच्या काचेस किंवा वायपरच्या पात्यास लागूं देऊं नये. पावसांत काच धुरकट दिसून अपघात होईल. टायरच्या जमिनीस टेकणाऱ्या भागास व पायाखालच्या पेडलांस तर तें कधींच लावूं नये.

बंपर व कडांचें काळें प्लॅस्टिक करडें पडतें, तें निराळें प्रकरण आहे. तेंहि असेंच धुवून प्लॅस्टिकसाठीं असलेलें द्रव्य लावल्यास काळेपणा परततो. पण पावसानें तें धुपतें, म्हणून पुन्हां लावावें लागतें.

दाराची पट्टी नीट बसते कीं नाहीं, हें घरांतील मुलेंहि तपासूं शकतात. कागदाची पट्टी दारांत धरून दार लावावें व कागद हळूच ओढावा. तो सहज निसटला, तर तेथें पट्टी सैल आहे. अशीच सर्व कडा फिरून पाहावी. मात्र जी पट्टी तडकली, तुटली किंवा दबून चपटी झाली, ती कोणत्याहि द्रव्यानें सांधत नाहीं, ती बदलावीच. दाराच्या खालच्या कडेस पाणी निघून जाण्यासाठीं बारीक छिद्रें असतात, तीं काडीनें मोकळीं ठेवावींत. तीं बुजल्यास पाणी आंत सांचून पत्रा गंजतो, आणि तो खर्च नव्या पट्टीच्या मानानें फार मोठा असतो.

मिळालेलें राखणें यास आपल्याकडे 'क्षेम' म्हणतात. फाल्गुनांत उन्हापूर्वीं एकदां, ज्येष्ठांत मृगापूर्वीं एकदां व पावसाळा सरल्यावर एकदां, अशी वर्षांतून तीन वेळां ही निगा पुरे. एका सकाळचें काम आहे. वडील मंडळींनीं तें घरांतील एकाच मुलास किंवा मुलीस नांव घेऊन सोंपवावें, व कामाची तारीख भिंतीवरील कॅलेंडरवर लिहावयास सांगावें. सर्वांचें काम एकाचें झालें, म्हणजे म्हणींतल्या घोड्याची गत मोटारीची होणार नाहीं.