चुनखडीचा हिशेब

गडचांदूर आणि आसपासच्या कोरपना तालुक्यात जमिनीखाली चुनखडीचे जाड थर आहेत. भूगर्भशास्त्रात हा खडक पैनगंगा समूहातला मानला जातो. जमिनीवर एखादा प्राणी चालू लागण्याच्या कितीतरी आधी तो समुद्राच्या तळाशी साचला. या दगडामुळेच गडचांदूरला माणिकगड सिमेंट आलं, आवाळपूर आणि उपरवाहीलाही सिमेंटचे कारखाने उभे राहिले. आणि हाच दगड थोडा थोडा विरघळून विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरतो. कॉलेजातल्या रसायनशास्त्रात ज्या प्रकरणाला मुलं सगळ्यात जास्त घाबरतात, ते द्रावणांच्या गणिताचं प्रकरण या भागात दगडात आणि घागरीत दोन्हीकडे आहे.

आधी दगड घेऊ. त्यात कॅल्शियम कार्बोनेट किती, हे कळल्याशिवाय सिमेंटचं मिश्रण जमवता येत नाही. आता मोठ्या कारखान्यांत हे काम क्ष-किरणांची यंत्रं करतात, पण जुनी रीत अजूनही शिकवली जाते आणि शिकण्यासारखी आहे. दगड आम्लात सावकाश विरघळतो, त्यामुळे त्यावर ब्युरेटमधून थेंब थेंब आम्ल सोडत बसणं सोयीचं नसतं. म्हणून आम्ल मुद्दाम जास्त घालायचं, थोडं तापवून कार्बन डायऑक्साइड घालवायचा आणि उरलेलं आम्ल मोजायचं. समजा, एक ग्रॅम दगडाच्या भुकटीत १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २५ मिलिलीटर घातलं. उरलेल्या आम्लासाठी १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ८ मिलिलीटर लागलं. म्हणजे दगडाने १७ मिलिलीटर आम्ल खाल्लं. १ मोलर म्हणजे एका लिटरला एक मोल, तेव्हा १७ मिलिलीटरमध्ये ०.०१७ मोल.

इथे बहुतेकांचा पाय घसरतो. पाठ असलेलं सूत्र म्हणतं की मोलॅरिटी गुणिले आकारमान दोन्ही बाजूंना सारखं. ते तसंच लावलं तर ०.०१७ मोल कार्बोनेट येतं. त्याच्या एका मोलचं वजन १०० ग्रॅम, म्हणजे १.७ ग्रॅम. एक ग्रॅम दगडात १.७ ग्रॅम कार्बोनेट! असं उत्तर आलेलं पाहूनही पुढे लिहीत जाणारी मुलं हुशार नसतात असं मुळीच नाही. त्यांना सूत्र आधी मिळालेलं असतं आणि समीकरण नंतर. बंडीला दोन बैल लागतात. सतरा बैलांवरून बंड्या मोजायच्या तर कोणी बैलांचं वजन करत नाही, संख्येला दोनाने भागतो. कॅल्शियम कार्बोनेटच्या एका मोलला आम्लाचे दोन मोल लागतात. म्हणून कार्बोनेट ०.००८५ मोल, म्हणजे ०.८५ ग्रॅम. दगड ८५ टक्क्यांचा.

तरी हे उत्तर पुरतं खरं नाही. मॅग्नेशियम कार्बोनेटही आम्ल खातं आणि या रीतीत ते कॅल्शियमच्या खात्यावर जमा होतं. सिमेंटवाल्यांना हा घोळ परवडत नाही. भट्टीत त्यापासून होणारा मॅग्नेशियम ऑक्साइड सावकाश पाणी धरून फुगतो आणि बांधकामाला तडे पाडू शकतो. म्हणून भारतीय मानकात साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी त्याची कमाल मर्यादा ६ टक्के आहे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वेगळे मोजायला ईडीटीए हे रसायन कामाला येतं.

ते पाण्याच्या चाचणीतही तितकंच उपयोगी आहे. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्याच्या जोरावर चुनखडी बायकार्बोनेट होऊन विरघळते. मग पाणी जड होतं, साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजायला वेळ घेते, भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. किती जड, हे मोजायला ५० मिलिलीटर पाणी घ्यायचं, अमोनियाचं बफर घालून पीएच १०च्या आसपास ठेवायचा आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक टाकायचा. पाणी रेड वाइनसारखं लालसर होतं. ०.०१ मोलर ईडीटीए सोडत जायचं. लाल जाऊन स्वच्छ निळा रंग आला की थांबायचं. इथे ईडीटीए आणि धातूचा आयन यांची जोडी एकास एक असते. ही रीत झुरिकच्या गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी १९४०च्या दशकात रुजवली, आणि मला तिचं मोठेपण त्या एकास एकमध्येच दिसतं. उदाहरणादाखल २२.५ मिलिलीटर लागले असं धरू. म्हणजे ०.०००२२५ मोल, १००ने गुणून २२.५ मिलिग्रॅम. हे ५० मिलिलीटरमध्ये, म्हणून लिटरला ४५० मिलिग्रॅम.

पण मिलिग्रॅम कशाचे? अहवालात 'कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात' असं लिहिलेलं असतं, ते वाचायला हवं. पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट तसं नसतंच, सुटे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन असतात. लिटरमध्ये ४० मिलिग्रॅम कॅल्शियम असो की २४.३ मिलिग्रॅम मॅग्नेशियम, दोन्ही एक मिलिमोल, आणि दोन्हींची नोंद १०० मिलिग्रॅम कठीणता अशीच होते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात २०० चालते, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत. आपलं ४५० त्या दोहोंच्या मधे येतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांच्या पाण्यात फ्लोराइडही आहे, आणि कठीणतेच्या आकड्यावरून त्याचा काहीच अंदाज येत नाही. त्याची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, पर्याय नसेल तर १.५. दीड मिलिग्रॅम म्हणजे ०.०७९ मिलिमोल, तर ४५० कठीणता म्हणजे ४.५ मिलिमोल. सत्तावन्न पटींचा हा फरक ब्युरेटला झेपत नाही, त्यासाठी फ्लोराइडचा इलेक्ट्रोड वापरतात, आणि इलेक्ट्रोडला आधी माहीत सांद्रतेचं द्रावण दाखवावं लागतं. सोडियम फ्लोराइडच्या ४२ भागांत १९ भाग फ्लोराइड, म्हणून २२१ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड एक लिटर पाण्यात विरघळवलं की १०० मिलिग्रॅम फ्लोराइडचं द्रावण तयार. त्यातले १० मिलिलीटर घेऊन लिटरभर केले की १ मिलिग्रॅम. इथे फक्त पाणी वाढवायचं असतं, कोणी कोणाशी जोडी जमवत नाही, त्यामुळे मघाचं ते पाठ केलेलं सूत्र इथे बिनधास्त वापरावं.