मालिकेबद्दल आपल्या घरातलं मत नेमकं मोजतं कोण?

मगरिबनंतर आपल्या बहुतेक घरांत टीव्ही लागतो आणि टीव्हीबरोबर टीकाही सुरू होते. "हिला अजून अक्कल आली नाही का?", "एवढे दागिने घालून भाकऱ्या कोण थापतं?", "हा मेला परत जिवंत झाला!" दादींचं मत वेगळं, अम्मींचं वेगळं. कॉलेजातली मुलगी तर टीव्हीकडे बघतच नाही, तिचा ड्रामा मोबाइलवर चालू असतो. रत्नागिरी-महाडकडच्या किंवा लातूर-परभणीच्या आपल्या घरांत 'आई कुठे काय करते' मधल्या अरुंधतीवर जेवढी चर्चा झाली तेवढी एखाद्या निवडणुकीवरही झाली नसेल. आज तेच 'ठरलं तर मग' बद्दल चालतं. पण ही मतं जातात कुठे? चॅनेलवाल्यांच्या कानावर ती कधी पडतात का?

मालिकेचं नशीब ठरतं टीआरपीवर, आणि टीआरपी काढते बार्क ही संस्था. देशात टीव्ही असलेली घरं साधारण 23 कोटी आणि बार्कचं मीटर बसवलेली घरं सुमारे 58 हजार. म्हणजे मीटरचं एक घर जवळपास चार हजार घरांच्या वतीनं बोलतं. चॅनेलच्या आवाजात एक खूण मिसळलेली असते. आपल्या कानाला ती ऐकू येत नाही, मीटर मात्र ती ओळखतं. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर एक बटण दिलेलं असतं, टीव्हीसमोर बसताना आपलं बटण दाबायचं. कुणाच्या घरी मीटर आहे हे गुप्त ठेवलं जातं. दर आठवड्याला हे आकडे बाहेर येतात आणि त्यात 'महाराष्ट्र-गोवा' हा एक वेगळा बाजार धरलेला असतो. जाहिरातीचा भाव या आकड्यांवर ठरतो आणि मालिका कुठल्या वेळेला लागणार, चालणार की गुंडाळणार, हेही त्यावरूनच ठरतं.

आता यातली खरी गंमत बघा. मीटरला फक्त टीव्ही चालू आहे, कुठलं चॅनेल आहे आणि समोर कोण बसलंय एवढंच कळतं. समोरचा माणूस खूश होऊन बघतोय की शिव्या देत, हे त्याला कळत नाही. खालाजान रोज म्हणतात, "काय फालतू दाखवतात," आणि रोज साडेआठला बरोबर समोर बसतात. मीटरच्या घरातल्या खालाजानही असंच करत असतील, तर हिशोबात ती मालिका आवडती ठरते. सुनेचा छळ लांबत जातो, कट-कारस्थानं संपता संपत नाहीत, त्यामागं हे एक मोठं कारण आहे. रागानं बघणारा आणि आवडीनं बघणारा, दोघांचा आकडा सारखाच. नाराजी मीटरपर्यंत पोचवायची असेल तर चॅनेल बदलणं किंवा टीव्ही बंद करणं हा एकच मार्ग, आणि तोही मीटरच्या घरातच मोजला जाणार.

मोबाइलवर बघणारे या मोजणीत येतच नाहीत. नवरा कुवेतला, मुलगी होस्टेलवर, सून स्वयंपाक करता करता फोनवर ड्रामा लावणारी. अशी घरं आपल्यात किती आहेत ते सांगायला नको. ही सगळी मंडळी टीआरपीच्या दृष्टीनं प्रेक्षकच नाहीत.

पाकिस्तानी ड्रामांची गोष्ट याला जोडूनच येते. जून 2014 मध्ये 'जिंदगी' चॅनेल सुरू झालं आणि 'जिंदगी गुलजार है' नं आपल्याकडच्या बायकांना वेड लावलं. सप्टेंबर 2016 मध्ये, उरीच्या हल्ल्यानंतर, त्या चॅनेलनं पाकिस्तानी मालिका बंद केल्या. प्रेक्षक मग यूट्यूबवर गेले. पहलगामच्या हल्ल्यानंतर 8 मे 2025 ला केंद्र सरकारनं ओटीटी कंपन्यांना पाकिस्तानी मालिका, चित्रपट, गाणी काढून टाकायला सांगितलं आणि यूट्यूबवरची त्यांची मोठी मनोरंजन चॅनेलंही इथं दिसेनाशी झाली. आम्ही त्या राजकारणात शिरत नाही. पण आपल्या घरांना त्या ड्रामांत काय आवडलं होतं ते बघण्यासारखं आहे. 'हमसफर' 23 भागांत संपला, 'जिंदगी गुलजार है' 26 भागांत. गोष्ट सुरू झाली की ती संपणार हे माहीत असायचं. साधं घर, साधे कपडे, आणि 'इन्शाअल्लाह' म्हणणारं पात्र हे दहशतवादी किंवा विनोदी नसायचं. तिकडंही थपडा मारणारा हिरो असतोच आणि रडून रडून सगळं सहन करणारी बायको आदर्श ठरते, हेही खरं. 2023 मध्ये 'तेरे बिन' मध्ये नवऱ्यानं बायकोवर जबरदस्ती केल्याचं सूचित झालं तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनीच एवढा गदारोळ केला की पुढच्या भागातल्या संवादांतून ते दोघांच्या मर्जीनं झाल्याचं सांगितलं गेलं. आमच्या मते तो बदल म्हणजे सारवासारव होती. तरी लोकांचं म्हणणं निर्मात्यांपर्यंत पोचलं होतं, एवढं नक्की.

आपल्याकडच्या हिंदी मालिकांत मुस्लिम घर अगदीच दिसलं नाही असं नाही. 2012 ला 'कुबूल है' आली, 2018 ला तिहेरी तलाकच्या विषयावरची 'इश्क सुभान अल्लाह'. यावर आपल्यात दोन तट आहेत. काहींचं म्हणणं, मुसलमान म्हटलं की तलाक, दुसरं लग्न आणि हवेली, याशिवाय काही सुचत नाही का? त्या घरांत प्रत्येक वाक्यात 'आदाब' असतो, महिन्याच्या किराण्याची चिंता कुणालाच नसते. दुसरा गट, आणि त्यात बायका जास्त, म्हणतो की तलाकचा विषय घरात मोठ्यानं बोलला गेला तो या मालिकेमुळंच, मग दाखवलं तर बिघडलं काय? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मराठी मालिकांत मात्र तक्रार करायलाही फारसं काही सापडत नाही. घरात कोकणी नाहीतर दखनी बोलणारं, शाळेत मराठीत शिकलेलं, बाजारात मराठीत भाव करणारं कुटुंब मुख्य गोष्टीत कितीदा बघितलं, ते आठवून बघा.

मग करायचं काय? मीटर नसलेल्या घरासाठी एक रस्ता आहे, लेखी तक्रारीचा. मनोरंजनाच्या चॅनेलवर खाली एक पट्टी अधूनमधून सरकते, तक्रार कुठे करायची ते तिच्यात लिहिलेलं असतं. आपण ती जाहिरात समजून सोडून देतो. 2021 च्या नियमांप्रमाणे तक्रार आधी चॅनेलकडे करायची. त्यांनी 24 तासांत पोच द्यायची आणि 15 दिवसांत निर्णय कळवायचा. समाधान झालं नाही तर पुढच्या 15 दिवसांत वरच्या संस्थेकडे अपील करता येतं. मनोरंजनाच्या बऱ्याच चॅनेलांसाठी ती संस्था म्हणजे बीसीसीसी, 2011 मध्ये चॅनेलवाल्यांच्या संघटनेनंच बनवलेली परिषद. त्यानंतरची पायरी केंद्र सरकार.

याचा उपयोग होतो का? 2017 मध्ये 'पहरेदार पिया की' या मालिकेत लहान मुलाचं लग्न मोठ्या मुलीशी लावलेलं दाखवलं होतं. प्रेक्षकांनी तक्रारी केल्या, ऑनलाइन सह्यांची मोहीम झाली, मंत्र्यांनी प्रकरण बीसीसीसीकडे पाठवलं. परिषदेनं मालिका रात्री साडेदहाला ढकलली आणि 'आम्ही बालविवाहाचा पुरस्कार करत नाही' अशा अर्थाची पट्टी चालवायला लावली. ऑगस्ट संपायच्या आत मालिकाच बंद झाली.

कथा रटाळ आहे किंवा नायिका आवडत नाही, यावर तक्रार चालत नाही. कार्यक्रम संहितेचा भंग दाखवावा लागतो. एखाद्या धर्मावर किंवा समाजावर हल्ला, धार्मिक गटाला तुच्छ लेखणारे शब्द किंवा दृश्यं, बाईची बदनामी, मुलांबद्दल आक्षेपार्ह चित्रण, हे त्यात येतं. नुसतं "आमच्या भावना दुखावल्या" असं लिहून पाठवलेल्या अर्जात वजन नसतं. चॅनेल, मालिका, तारीख, वेळ, कुठल्या पात्रानं काय म्हटलं आणि त्यात संहितेचं काय मोडलं, एवढं चार ओळींत लिहा. मराठीत लिहिलं तरी हरकत नाही. मजकूर मालिका बघितल्यावर लगेच टिपून ठेवा, आठवड्यानं नेमकं वाक्य आठवत नाही. मोबाइलवर ओटीटीच्या ॲपमध्ये मालिका बघणाऱ्यांसाठीही सोय आहे. त्या कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो, मुदत तिथंही 15 दिवसांचीच, आणि त्याचं नाव नि पत्ता ॲपमध्येच, बहुधा अगदी तळाशी दिलेला असतो.