उशाजवळचा जुना लॅपटॉप

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे २०१७च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप त्या दिवशी रांगेबाहेर गेले. दिवाळीच्या आवराआवरीत ते माळ्यावरून किंवा कपाटाच्या वरच्या फळीवरून खाली येतात. कोणीतरी चार्जर शोधतं, यंत्र सुरू व्हायला पाच-सात मिनिटं घेतं, आणि ‘हे आता द्या भंगारात’ असं ठरतं. यातल्या पुष्कळांचा पडदा स्वच्छ असतो, कळफलक धड असतो, ध्वनी ठीक असतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४मधल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. लॅपटॉपमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा भाग तो कारखान्यात तयार होतानाच झालेला असतो. त्यामुळे धड असलेलं यंत्र आणखी पाच वर्षं वापरणं, हा माझ्या मते त्यावरचा सगळ्यात सोपा उपाय आहे.

पण वापरायचं कशासाठी? जुन्या लॅपटॉपला पुन्हा ‘सगळ्या कामांचा’ करायला जाऊ नये. तो एका खोलीसाठी, एका माणसासाठी आणि मोजक्या कामांसाठी लावावा. मी तो साताऱ्याला आईच्या खोलीत लावला. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, रात्री झोप तुटक, मोबाइलवरची अक्षरं बारीक वाटतात आणि हॉलमधल्या टीव्हीवर बाकीच्यांचं राज्य. तिला काय हवं ते आधी विचारलं. “सकाळी रेडिओ, दुपारी एखादा जुना सिनेमा, आणि पाऊस कुठवर आलाय ते कळलं की झालं,” ती म्हणाली. पुढचं सगळं या वाक्याला धरून केलं.

सगळ्यात आधी बॅटरी पाहावी, कारण यंत्र झोपायच्या खोलीत राहणार आहे. लिथियम-आयन बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि गरम राहिली की तिची झीज वेगाने होते. आत वायू धरतो आणि ती फुगते. टचपॅड वर उचललेला दिसणं, झाकण नीट न मिटणं, टेबलावर लॅपटॉप डुगडुगणं ही त्याची लक्षणं. अशी बॅटरी वापरायची नाही, टोचायची नाही, दाबून परत बसवायची तर मुळीच नाही. ती काढून घ्यावी आणि अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी. बरेच लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या अडॅप्टरवर चालतात. काही त्या अवस्थेत प्रोसेसरचा वेग कमी करतात, ते आधी तपासून घ्यावं.

बॅटरी चांगली असेल तर ती जपावी. अनेक लॅपटॉपांमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. बायोसमध्ये किंवा लिनक्सच्या टीएलपी या साधनात ती सापडते. चोवीस तास प्लगला जोडलेल्या यंत्राला ही मर्यादा घालायलाच हवी. शिवाय अशा लॅपटॉपला स्वतःचा इन्व्हर्टर असतो. वीज गेली तरी तो तास-दीड तास सुरू राहतो. राउटरला छोटा यूपीएस लावला तर इंटरनेटही राहतं. आमच्याकडे पावसाळ्यात दिवे जातात तेव्हा याचं मोल कळतं.

दुसरं काम हार्ड डिस्कचं. जुन्या लॅपटॉपच्या संथपणाचं खापर लोक प्रोसेसरवर फोडतात, पण बहुतेक वेळा दोष फिरत्या तबकडीच्या डिस्कचा असतो. त्या डिस्कमध्ये वाचणारी सुई एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला काही मिलिसेकंद घेते, आणि प्रणाली सुरू होताना अशा हजारो उड्या लागतात. एसएसडीमध्ये हलणारा भागच नसतो. अडीच इंची साटा एसएसडी जुन्या डिस्कच्याच खाचेत बसते, आणि पाच मिनिटांत सुरू होणारं यंत्र अर्ध्या मिनिटात सुरू होतं. एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर ते इथे करावेत. रॅम ४ जीबी असेल तर ती ८ करता आली तर उत्तम. त्याच वेळी मागचं झाकण उघडून पंख्यातली धूळ काढावी आणि प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट बदलावी. पंखा घरघरत असेल तर झोपायच्या खोलीत ते यंत्र कोणालाच नको होतं.

प्रणाली म्हणून मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घातली. हिला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा पुरते, ४ जीबी असेल तर आरामात चालते. मिंट २२ ही मालिका २०२९पर्यंत सुरक्षा-अद्ययावत राहणार आहे. ती फुकट आहे. पेनड्राइव्हवर घालून, लॅपटॉपला हात न लावता, आधी तशीच चालवून बघता येते. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, पडद्याचा प्रकाश कमी-जास्त होतो का, एवढं तपासलं आणि जुने फोटो, कागदपत्रं बाहेर काढून घेतली की मगच ती पक्की बसवावी.

चित्रपट आणि गाण्यांसाठी दोन प्रणाली पुरल्या. व्हीएलसी सगळ्यांना माहीत असते. तिचा उगम १९९६मध्ये पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात आहे, आणि २००१पासून ती मुक्त आहे. वयस्क माणसासाठी तिच्यातली एक सोय फार मोलाची: आवाज शंभर टक्क्यांच्या वर नेता येतो, आणि ‘कॉम्प्रेसर’ लावला की हळू बोललेले संवाद वर येतात, पार्श्वसंगीत अंगावर येत नाही. दुसरी कोडी. एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी हौशी मंडळींनी २००२मध्ये तयार केलेल्या प्लेअरमधून ती वाढली आणि २०१४मध्ये तिला कोडी हे नाव मिळालं. ती पूर्ण पडदा व्यापते, अक्षरं मोठी, बाणांच्या चार कळा आणि एक ‘ओके’ एवढ्यावर चालते. पलंगावरून हेच हवं असतं. अँड्रॉइड फोनवर ‘कोर’ हे कोडीचं अधिकृत अ‍ॅप घेतलं की फोनच रिमोट होतो. आईला मात्र फोन नको होता. तिच्यासाठी हातात मावणारा बिनतारी कळफलक आणला आणि लागणाऱ्या सहा कळांवर रंगीत टिकल्या चिकटवल्या.

पडद्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. चौदा-पंधरा इंची पडदा सात-आठ फुटांवरून वाचता येत नाही. एकतर लॅपटॉप पलंगाशेजारच्या टेबलावर हाताच्या अंतरावर ठेवावा, नाहीतर एचडीएमआय केबलने भिंतीवरच्या मॉनिटरला किंवा जुन्या टीव्हीला जोडावा. एचडीएमआयमधून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. निळ्या, पंधरा टाचण्यांच्या व्हीजीएतून फक्त चित्र जातं, आवाजासाठी वेगळी तार लागते. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर कधीही ठेवू नये. खालच्या जाळ्या बंद होतात आणि यंत्र तापतं.

जुन्या यंत्रावर यूट्यूब अडखळतं, त्याचं कारण बहुतेकांना माहीत नसतं. व्हिडिओ अनेक पद्धतींनी दाबून पाठवले जातात. २०१३-१४च्या चौथ्या पिढीच्या इंटेल चिपमध्ये एच.२६४ हा प्रकार उलगडणारी वेगळी यंत्रणा असते, पण यूट्यूब हल्ली शक्यतो व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवतं. मग सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा ओरडू लागतो. ब्राउझरमध्ये ‘एच२६४इफाय’ हे छोटं जोडसाधन घातलं की यूट्यूबकडून एच.२६४च मागवलं जातं. चित्र १०८०पीपर्यंतच मिळतं, पण ते सुरळीत चालतं आणि पंखा शांत राहतो. पैसे भरून घेतलेल्या ओटीटी सेवा मात्र लिनक्सवर बऱ्याचदा कमी दर्जाचं चित्र देतात, कारण त्यांच्या चोरीविरोधी कुलपाचा वरचा दर्जा तिथे मिळत नाही. तेवढ्याचसाठी यंत्र हवं असेल तर टीव्हीला लावायची छोटी स्टिक घ्यावी. त्या कामाला हा लॅपटॉप योग्य नाही.

आता खरा आनंदाचा भाग: यात भरायचं काय? सुरुवात आकाशवाणीपासून केली. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७पासून सुरू आहे, आणि आईचं ऐकणं जवळजवळ तेवढंच जुनं. ‘न्यूज ऑन एअर’वर विविध भारती, मुंबईची अस्मिता वाहिनी, पुणे, नागपूर अशी केंद्रं इंटरनेटवर ऐकता येतात. खरखर नाही, एरियल फिरवणं नाही. लिनक्समध्ये ‘आरटीसीवेक’ नावाची आज्ञा आहे. यंत्र झोपलेलं असताना आतलं घड्याळ ते ठरलेल्या वेळी जागं करतं. सकाळी सहाला लॅपटॉप आपणहून उठतो आणि रेडिओ लावतो. आईला कळ दाबावी लागत नाही.

सिनेमांच्या बाबतीत कायदा लक्षात ठेवावा. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो. त्यामुळे प्रभातचा १९३६चा ‘संत तुकाराम’ किंवा राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा १९५३चा ‘श्यामची आई’ आता निर्धास्त पाहता येतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. त्याचा वारसा चालवणाऱ्या सह्याद्रीच्या यूट्यूब वाहिनीवर जुने कार्यक्रम आहेत. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्ह्ज’ हे व्यासपीठ सुरू केलं, त्यावरचंही बरंच काही मोफत पाहता येतं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते घरातल्या कॅसेटचं. खोक्यात नात्यातल्या मंगळागौरींची गाणी होती, आजोबांचं एक कीर्तन होतं, मामांनी टेप केलेली नाट्यगीतं होती. चुंबकीय फीत वर्षागणिक विरत जाते. ती संगणकात आणायला ‘ऑडॅसिटी’ ही मोफत प्रणाली, चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर आणि दोन्हीकडे ३.५ मिमीची पिन असलेली तार लागते. लॅपटॉपची माइकची खाच बहुधा एकाच बाजूचा आवाज घेते, म्हणून ‘लाइन-इन’ असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्यावं. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं लागतातच, त्याला आडवाट नाही. सीडीच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे तासाला ६०० एमबीच्या आसपास होतं. ‘फ्लॅक’मध्ये साठवलं तर दर्जा न घटता जवळपास निम्म्यात मावतं. फाइलला नाव देताना कोण, कुठे, साधारण कोणत्या साली, एवढं आईला विचारून लिहिलं. पुष्कळ आवाज फक्त तीच ओळखू शकत होती. जिच्यासाठी खोली सजवत होतो, तिच्याकडूनच त्यातला सगळ्यात मौल्यवान ऐवज आला.

वाचनासाठीही हा पडदा फोनपेक्षा कितीतरी बरा, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. वाईहून निघालेला मराठी विश्वकोश, ज्याचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६मध्ये आला, तो आता संकेतस्थळावर मोफत आहे. साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं पीडीएफ रूपात मिळतात. ‘किविक्स’ घेतलं तर १ मे २००३ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया पूर्णच्या पूर्ण यंत्रात उतरवून ठेवता येतो आणि इंटरनेट नसतानाही वाचता येतो.

आणि पाऊस. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर मुंबईच्या डॉप्लर रडारचं चित्र दिसतं. त्याचा एकच मोठा चौकोन आईच्या पडद्यावर ठेवला आहे. ढगांचे हिरवे, पिवळे, लाल पट्टे घाटाकडे सरकताना ती बघते आणि वाळवण आत घ्यायला सांगते. त्याच रांगेत एसटीचं वेळापत्रक, पंचांग आणि नातवंडांचे फोटो. पडद्यावर एकूण सहाच चित्रं. सातवं ठेवायचा मोह टाळावा.

रात्रीसाठी ‘रेडशिफ्ट’ लावलं आहे. सूर्य मावळला की पडद्याचा निळा प्रकाश घटून तो पिवळसर होतो. झाकण मिटलं तरी रेडिओ सुरू राहील असं सेटिंग केलं, आणि ठरलेल्या वेळी यंत्र आपोआप निजेल असंही. असा लॅपटॉप साधारण २० वॅट खातो. दिवसाला दहा तास चालला तर महिन्याला सहा युनिट होतात.

सुरक्षिततेची काळजी घ्यावीच. फायरफॉक्समध्ये ‘यूब्लॉक ओरिजिन’ घातलं की जाहिराती जातात, आणि ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असे फसवे चौकोनही बहुतांशी जातात. या यंत्रावर बँकेचं काम करायचं नाही, पासवर्ड साठवायचे नाहीत, कॅमेऱ्यावर पट्टी लावायची. अद्ययावत करण्याचं काम घरातल्या एकाने महिन्यातून एकदा अंगावर घ्यावं.

आणि कॅसेटवरून उतरवलेल्या त्या फाइल्स एकाच डिस्कवर ठेवू नयेत. जुनं यंत्र केव्हाही मान टाकू शकतं. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी दुसऱ्या घरी हवी. आमची नाशिकला भावाकडे आहे, आणि दर दिवाळीला तो येतो तेव्हा मी ती नव्याने भरून देतो.