वाकळ आणि चादर

वाशीकडची माणसे ऊसतोडीला निघाली, की बैलगाडीत नाहीतर ट्रकमध्ये वाकळ आधी टाकतात. ते बरोबरच आहे. वाकळीत जुन्या लुगड्याधोतरांचे थर असतात. थरांत हवा कोंडते. ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. घोंगडीच्या लोकरीतही असेच होते. वाकळ भिजली की हवेची जागा पाणी घेते, अन् ऊब जाते. म्हणून तिला ऊन द्यावे.

बाजारची गुळगुळीत पांघरुणं हाताला मऊ लागतात. ती बहुधा पॉलिस्टरची असतात. तो धागा घाम फारसा शोषीत नाही. उन्हाळ्यात अंग चिकचिकतं, झोप मोडते. तेव्हा अंथरायला सुती चादर घ्या. सोलापूरची मिळाली तर उत्तमच!

कोपीत पांघरूण चुलीपासून लांब ठेवा. सुती कापड पेटतं. पॉलिस्टर तर वितळून कातडीला चिकटतं.