सदऱ्याचा रंग आणि नदीचे पाणी

दुकानात टांगलेला सुती सदरा स्वच्छ व नवाकोरा दिसतो. परंतु तेथवर येण्यापूर्वी तो शेत, सूतगिरणी, विणकामशाळा, रंगशाळा आणि शिवणशाळा अशा अनेक ठिकाणांहून गेलेला असतो. मालाच्या या प्रवासास पुरवठा-साखळी म्हणतात. तिची एक कडी जरी नदी नासवीत असली, तरी अखेरच्या मालास निर्मळ म्हणता येत नाही. तमिळनाडूतील तिरुप्पूर शहराचा अनुभव हेच सांगतो.

तिरुप्पूर हे विणलेल्या सुती कपड्यांचे देशातील प्रमुख निर्यातकेंद्र होय. तमिळनाडूतील सूतगिरण्या महाराष्ट्र, गुजरात इत्यादी राज्यांतून कापूस आणतात. त्या सुताचे तिरुप्पूरला कापड होते आणि तेथेच ते रंगते. सुती धाग्यावर रंग नीट बसावा म्हणून रंगाच्या पाण्यात मीठ घालावे लागते. गडद छटेसाठी दर लिटर पाण्यात ५० ग्रॅमहून अधिक मीठ लागते. रंग धाग्याला चिकटतो, मीठ मात्र पाण्यातच राहते. साध्या शुद्धीकरणाने रंग बराचसा निघतो. विरघळलेले मीठ निघत नाही.

पश्चिम घाटातील वेळ्ळियंगिरी डोंगरात उगम पावणारी नोय्यल नदी या शहरातून वाहत जाऊन पुढे कावेरीस मिळते. वर्षानुवर्षे रंगशाळांचे खारट पाणी तिच्या पात्रात गेले. शहराच्या खालच्या अंगास ओरत्तुपाळयम येथे शेतीसाठी बांधलेल्या धरणात तेच पाणी साठले. ज्या जलाशयाने शेते भिजवावयाची, त्याच्याच पाण्याने जमिनी व विहिरी खारावल्या.

अखेर शेतकऱ्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. रंगशाळांनी सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर सोडू नये, असा आदेश मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. त्याचे पालन न झाल्याने जानेवारी २०११ मध्ये सातशेहून अधिक रंगशाळा बंद करविण्यात आल्या. शेतकऱ्यास न्याय मिळाला, पण हजारो कामगारांच्या हातचे काम गेले. एका कडीचा दोष साऱ्या साखळीस भोवला.

त्यानंतर योग्य यंत्रणा उभारणाऱ्या रंगशाळा टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झाल्या. या यंत्रणेत सांडपाणी प्रथम जंतूंच्या साहाय्याने शुद्ध करतात. मग ते मोठ्या दाबाने अतिसूक्ष्म छिद्रांच्या पटलातून ढकलतात. पाणी पलीकडे जाते, मीठ अलीकडे राहते. उरलेले दाट खारे पाणी आटवून मीठ मिळवितात. पाणी आणि पुष्कळसे मीठ पुन्हा रंगकामास उपयोगी पडते.

हा उपाय फुकटचा नव्हे. दाब देण्यास वीज लागते, पाणी आटविण्यास इंधन लागते; शिवाय पुन्हा वापरता न येणारे मिश्र मीठ शिल्लक राहते व ते जपून साठवावे लागते. म्हणून कमी मिठात बसणारे रंग आणि कमी पाणी घेणारी यंत्रे वापरून मुळातच सांडपाणी कमी करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

या सर्वांमुळे कापड रंगविण्याचा खर्च वाढतो, हे खरे. परंतु तो खर्च पूर्वी नव्हता असे नाही. तो मालाच्या किमतीत दिसत नव्हता, इतकेच. नदीकाठचा शेतकरी तो आपल्या पिकातून भरीत होता. तो खर्च आता कारखानदार, व्यापारी आणि ग्राहक यांनी वाटून घ्यावयाचा आहे. स्वस्त सदऱ्याची खरी किंमत कोण देतो, हा प्रश्न म्हणूनच विकत घेणाऱ्यानेही विचारला पाहिजे.