जुन्या मोटारीचे वय कसे ओळखाल?

बालमित्रांनो, बैलाचे वय दातांवरून कळते, आपले शाळेच्या दाखल्यावरून. मग जुन्या मोटारीचे कशावरून?

रंगावरून? छे! रंग केव्हाही बदलता येतो. दिवे, चाके, सीटसुद्धा बदलतात. पण गाडीच्या सांगाड्यावर, म्हणजे चेसिसवर, कारखान्यात ठोकलेला नंबर असतो. इंजिनावरही असतो. हे दोन्ही नंबर आरसी बुकातल्या नंबरांशी जुळले, की निम्मा शोध लागलाच म्हणून समजा! इंजिनाचा नंबर जुळला नाही, तर इंजिन मध्येच कधीतरी बदलले असणार.

नंबरप्लेटही बोलते बरं का! लातूरची एमएच २४, नांदेडची एमएच २६ ही पद्धत १९८९ पासूनची. तीन अक्षरे आणि पुढे आकडे अशी पाटी दिसली, तर गाडीची नोंद त्याआधीची.

आता एका खऱ्या गाडीची गोष्ट ऐका. नांदेड-लातूरचा आपला मुलूख १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी इंग्लंडच्या रोल्स-रॉइस कंपनीची एक गाडी मागवली. पण १९११ साली ते वारले आणि गाडी आली त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांच्याकडे. रंग पिवळा, मागची बैठक सिंहासनासारखी! गंमत म्हणजे सांगाडा आणि इंजिन रोल्स-रॉइसचे, पण वरची बॉडी लंडनच्या बार्कर कंपनीची. त्या काळी पद्धतच तशी होती. म्हणून अशा गाडीचा इतिहास शोधताना दोन्ही कारखान्यांच्या नोंदी पाहाव्या लागतात. अनेक वर्षे पडून राहिलेली ती गाडी पुढे दुरुस्त झाली आणि हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात लोकांना पाहायला मिळाली.

आपल्याकडे राजवाडा नाही, पण वाड्यामागे किंवा गोठ्याजवळ एखादी जीप नाहीतर ॲम्बॅसॅडर गंजत उभी असते. २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांहून जुनी गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अट एकच, सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको.

गाडी भंगारात गेली, की तिचा नंबरही लोखंडाबरोबर वितळतो. म्हणून भंगारवाला दारात येण्याआधी मोठ्यांना सोबत घेऊन एवढे कराच: दोन्ही नंबर वहीत उतरवा, आरसी बुकातली आधीच्या मालकांची नावे वाचा आणि ही गाडी कुठून आली, ते आजोबांना विचारा.